सासूबाईंचं बोट आणि सुडोकूवरचं धुकं

चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासून लोकांना लख्ख दिसेल अशी सोय करायची आणि घरी आली की स्वतः रचलेल्या सुडोकूवर धुकं पसरायची. संगणकावर सगळा चौकोन करड्या रंगाखाली झाकलेला, कोपऱ्यातली दोनचार घरं तेवढी उघडी. बरोबर आकडा लिहिला की आजूबाजूचं धुकं विरतं आणि 'या घरांची बेरीज अमुक' अशा खाली लपवलेल्या खुणा दिसतात. त्यांवरून पुढचा आकडा काढायचा. अंदाजपंचे कारभार चालत नाही.

तिला एकच ध्यास होता, आपलं कोडं कोड्यांच्या एका नावाजलेल्या संकेतस्थळावर रविवारी झळकावं. संपादकाने दोनदा परत पाठवलं होतं, दोन्ही वेळा एकच शेरा मारून: "एका जागी अंदाज लावावा लागतो." आता परत आलं तर हा नाद सोडायचा, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. नवरा म्हणाला, "छान आहे की कोडं!" त्याला सगळंच छान वाटायचं, त्यामुळे त्याचं मत कोणी धरत नसे.

सगळी भिस्त सासूबाईंवर. प्रत्येक कोडं त्या चहा निवायच्या आत सोडवायच्या आणि म्हणायच्या, "फर्स्ट क्लास!" मग संपादक का नाक मुरडतो? एका संध्याकाळी ती हळूच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. सासूबाई एकाच घरात एक, दोन, तीन असे आकडे दाबत चालल्या होत्या. सहावर धुकं हललं. स्वारी खूश.

"आई, हे काय?"

"अगं, धुकं हललं की बरोबर. सोपंय!"

तिने कपाळावर हात मारला. पण चिडून सांगते कोणाला? कोडं कागदावर उतरवलं, घराघरावर चिठ्ठ्या ठेवल्या आणि स्वतःच धुकं होऊन समोर बसली. "कारण सांगा, मगच चिठ्ठी उचलीन."

सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग रंगात आल्या. हुज्जत घालत घालत मध्यापर्यंत पोचल्या आणि तिथे अडल्या.

"इथे सहाच येणार ना!" तिला राहवेना.

"कशावरून?"

ती खूण दाखवायला गेली आणि तिचं बोट चिठ्ठीवर पडलं. ज्या खुणेच्या जोरावर ती सहा म्हणत होती, ती अजून झाकलेलीच होती! स्वतःच पेरलेली ना, तिला झाकूनही दिसत होती.

"आई, अडल्याचं आधी का नाही सांगितलंत?"

सासूबाई ओशाळल्या. "जमत नाही म्हटलं असतं, तर तू कोडी दाखवायची बंद केली असतीस. तेवढ्यासाठी तर बसतेस माझ्याजवळ."

तिला भरून आलं. तिने उठून चहा टाकला.

सुरुवातीला उघडं असणारं एक घर तिने बदललं, खूण वेळेवर दिसू लागली आणि कोडं पुन्हा संपादकाकडे गेलं. रविवारी ते झळकलं. नवरा म्हणाला, "छान आहे!" आणि या खेपेला त्याचं मत धरण्यात आलं.

सासूबाईंनी लगेच कोडं उघडलं. बोट पहिल्या घरापाशी गेलं आणि थबकलं.

"कारण सांगते हं," त्या म्हणाल्या. "तू आधी इथे बस."