टेस्टिंग बाकी हाये

बालाघाटात मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा सुखराम स्वतःच्या वरातीतही नाचला नव्हता. नाचणं म्हणजे निव्वळ थिल्लरपणा, हे त्याचं ठाम मत. शेजारच्या रीनानं बाणांवर पाय टाकत नाचायच्या व्हिडिओ गेमचा बिघडलेला पॅड मशीनसकट आणून दिला. डाव्या बाणावर कितीही पाय आपटा, टीव्हीवर ढिम्म! सुखरामनं तुटलेली तार जोडली. पण तपासायचं तर नाचणं आलंच.

रीना आली तेव्हा तो घामाघूम.

"काका, झाला का?"

"टेस्टिंग चालू हाये वं. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी पॅडवर त्याची बायको अंजना पदर खोचून उभी.

"काकू, आज तरी?"

"ह्यायची टेस्टिंग झाली, बाई. माही राह्यली हाये, लग्नापासून."