शुक्रवारी बरी होणारी मशीन

बायोमेडिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा भिवंडीजवळच्या आमच्या कोन गावात एकानेही धड अभिनंदन केलं नाही. डॉक्टर होणार की इंजिनीअर, एवढंच विचारायचे. आत्या तर तोंडावर म्हणाली, मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून हे खूळ. माझं डोकं फिरायचं. पण खरी धास्ती वेगळीच होती. पुढच्या वर्गातल्या मुली पदवी घेऊन घरी बसलेल्या मी बघत होते, आणि आमच्या घरात ठरलं होतं: शेवटचं वर्ष संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आत्याने आणलेलं स्थळ. बाबा माझ्या बाजूचे, पण बहिणीला शब्द देऊन बसलेले.

शेवटच्या वर्षी ट्रेनिंगला मैत्रिणींना मुंबईची मोठमोठी हॉस्पिटलं मिळाली. मला भिवंडीतलं, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीतलं छोटंसं. तिथली ईसीजीची मशीन महिनाभर बिघडलेली. कागदावरची रेघ इतकी थरथरायची, की हृदयाचा ठोका कुठला हे डॉक्टरांनाच कळेना. पेशंट कल्याणला पाठवावे लागत. दुरुस्तीला मशीनच्या कंपनीचे साहेब तीनदा येऊन गेले आणि तिन्ही वेळा रेघ स्वच्छ. शेवटी त्यांनी नर्सबाईंवर ठपका ठेवला, ह्यांना वायरी लावता येत नाहीत. बाई रडल्या. मी त्यांचं काम रोज बघत होते. त्यांची काडीची चूक नव्हती, आणि मला साहेबांचा असा राग आला म्हणून सांगू!

मी रजिस्टर काढलं. साहेब तिन्ही वेळा शुक्रवारी आलेले. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, रस्ता मोकळा, म्हणून ते मुद्दाम तोच दिवस गाठायचे. आणि आम्हा भिवंडीकरांना शुक्रवारची शांतता इतकी अंगवळणी पडलेली, की लूम बंद असले तरच रेघ सुधारते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

बाबा लूमचे जॉबर. बंद पडलेला माग चालू करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जेवताना त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "अर्थिंगच्या खड्ड्यात पानी टाकतो का न्हाय कुनी?"

लूमच्या कारखान्यात उन्हाळाभर हे काम न चुकता होतं. हॉस्पिटलच्या मागे जाऊन बघते तर खड्ड्यावर तुळशीची कुंडी आणि खाली माती ठणठणीत कोरडी. कोरड्या मातीत वीज उतरत नाही, म्हणून शेजारच्या लूमच्या मोटारींचा सगळा विजेचा त्रास सरळ मशीनपर्यंत पोचत होता. वायरमनकडून खड्डा उकरून घेतला, मीठ-कोळसा भरला, पाणी सोडलं.

साहेबांनी मंगळवारीच यावं, असा मी हट्ट धरला. मानकोली नाक्यावरच्या ट्रकांत अडकून ते घामाघूम आणि वैतागून आले. बाहेर लूम धडधडत होते. वायरी नर्सबाईंनीच लावल्या. रेघ आली ती अगदी सुबक. मी आधीच्या मंगळवारचा थरथरत्या रेघेचा कागद शेजारी ठेवला. साहेबांनी दोन्ही कागदांवरच्या तारखा ताडून पाहिल्या. मग त्यांनी बाईंची माफी मागितली आणि माझा निकाल कधी लागतो ते विचारलं.

निकालाआधीच त्यांच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र घरी आलं. आत्या स्थळाचा फोटो घेऊन आली होतीच, तिने पुन्हा तेच विचारलं: मग ही डॉक्टर म्हणायची की इंजिनीअर?

बाबा म्हणाले, "जॉबर हाय. माझ्यासारखी."

आत्याने मुलाचा फोटो गुपचूप पिशवीत परत ठेवला.