छताखाली चाळीस मिनिटं

भूकंपानंतर छताचा धसका घेतलेली माणसं लातूर भागात पुष्कळ आहेत. पण छताशी उघड वैर धरून कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा करणारा माणूस मी एकच पाहिला. सगळे त्यांना मामा म्हणत. क्लासेसच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना चार-चार मजले उठले, तरी मामांचं दुकान पत्र्याचंच राहिलं. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, सर. स्लॅब पडला तर फोटोला हार येतोय," असं ते चहा पुढे करता करता सांगत. मी तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होतो; पण लातुरात क्लासच्या इमारतीत नोकरीला लागलेला प्रत्येक माणूस सर होतो.

लग्नात मामा मांडवात जेवत, कार्यालयात पाऊल टाकत नसत. फोटो काढायचा तर फोटोवाल्यालाच रस्त्यावर बोलावत. दुरुस्तीला कुणाच्या घरी गेले की कॉम्प्युटर उचलून अंगणात आणायचे, बाजेवर आडवा निजवायचे आणि आतून लांब वायर ओढायचे. एकदा धुळीसाठी त्यांनी त्यावर पांढरा कपडा टाकला, तर शेजारची बाई डोळ्याला पदर लावून विचारायला आली, "कोण गेलं हो?" सगळे हसले, मामा हसले नाहीत. भूकंपाच्या पहाटे मातीच्या माळवदाखाली त्यांची आई आणि दोन बहिणी गेल्या होत्या. ते अंगणात झोपले होते म्हणून राहिले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, स्क्रू पिळता पिळता, एका वाक्यात.

मी हदगावकडचा, घरातला पहिला पदवीधर. नांदेडला शिकलो आणि लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवण्यासाठी पडद्यावरची फिरती चित्रं करायला लागलो. क्लासच्या मोठ्या सरांनी त्यासाठी नवाकोरा कॉम्प्युटर घेतला, त्यात विटेएवढं जड ग्राफिक्स कार्ड. मी पडद्यावर माणसाचं हृदय फिरवायचो आणि कधी तिसऱ्या गिरकीला, कधी अर्ध्या तासानं पडदा काळा व्हायचा. रविवारी पालकांची सभा होती. मोठे सर म्हणाले, "सभेत हृदय बंद पडलं, तर सोमवारी तुम्ही हदगावची बस धरा." तिकडे माझे वडील अख्ख्या बसस्टँडला सांगत होते, पोरगं सर झालं म्हणून.

मामांनी मशीन दुसऱ्या मजल्यावरून खाली अंगणात आणवलं, निजवलं. हृदय दुपारभर फिरलं. वर नेलं, बंद. ड्रायव्हर बदलला, पॉवर सप्लाय बदलला, रॅम काढून पुसली. अंगणात ठणठणीत, खोलीत गार. तीन दिवस हेच. शनिवारी सकाळी मामा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी बराच वेळ उभे राहिले. "आजार आत हाय, सर, अन् मी बाहेर बघून राहिलो," म्हणाले आणि चढू लागले.

वर आल्यावर त्यांनी दार उघडं राहावं म्हणून वीट लावली, चपला पायातच ठेवल्या. "तुमी छताकडं बघा, मी मशीनकडं बघतो. बारीक माती जरी सांडली तर वरडा."

मी मान वर करून बसलो. थोड्या वेळानं आवाज आला, "पाल हाय का वर?"

"आहे."

"पळून राहिली का?"

"नाही, बसलीय."

"मग बसू द्या. हादरा यायचा असला तर पाल आधी पळती."

अशी चाळीस मिनिटं गेली. माझी मान आखडली. खाली मामांचा श्वास मला ऐकू येत होता, पंख्यापेक्षा मोठा. मग पडदा काळा झाला. मामांनी बटण बंद करून आत हात घातला.

"बाहेर ह्याला निजवत होतो, सर. हितं उभं हाय. कार्ड लई जड, एका बाजूनं लोंबतंय, खाचेतनं सुटतंय. खाली टेकूच न्हाई." मग टेबलावरची लाकडी पट्टी मोडून त्यांनी तुकडा कार्डाखाली बसवला. हृदय फिरायला लागलं. मी मान खाली करेपर्यंत मामा रस्त्यावर पोचले होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. रविवारी सभा नीट झाली. त्या नोकरीवर माझी धाकटी बहीण शिकली.

गेल्या वर्षी मामांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. मी आता नांदेडला असतो; तिथून भेटायला गेलो. तिसरा मजला, खाट दारापासून लांब. नर्स म्हणाली, औषध देऊनही दोन दिवस डोळा मिटला नाही. मामा स्लॅबकडे टक लावून होते. मी स्टूल ओढलं.

"मामा, तुम्ही झोपा. वर मी बघतो."

स्लॅबवरची नजर न काढता ते म्हणाले, "पाल हाय का?"

"हाय."

"बसलीय?"

"बसलीय, मामा."

त्यांनी डोळे मिटले. त्या पांढऱ्या छतावर काहीच नव्हतं. तरी मी मान खाली केली नाही.