ललिताआत्यांना हुंगायला दिलेली सिगार

आमच्या सोसायटीत अशी बातमी आहे की बी-विंगचे रामदास गजभिये काका पाच हजारांची क्युबन सिगार ओढतात, तीही रोज, आणि त्यापायी त्यांनी नागपूरचा प्लॉट विकला. बातमीचा उगम गोपाळकृष्ण भावे, सेक्रेटरी, ए-विंग. भावे आजोबा असं काही सांगताना आधी चष्मा काढतात, मग आवाज खाली आणतात, आणि खाली आणलेला तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू जातो. "आपण कशाला बोलायचं म्हणा. ज्याचा त्याचा प्लॉट. ज्याची त्याची फुप्फुसं. वास तेवढा आमच्या विंगेत येतो."

खरं असं आहे. सिगार क्युबाची नाही, निकाराग्वाची आहे. सहाशेच्या आसपास मिळते, कॅम्पातल्या एका दुकानात. रोज नाही, महिन्यातून एक, शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, गच्चीत पाण्याच्या टाकीमागे. नागपूरला प्लॉट नव्हता, कारण काका नागपूरचे नाहीतच. ते भंडाऱ्याकडचे. या दोन गावांमध्ये साठ किलोमीटर अंतर आहे, हे कोथरूडमध्ये कुणाला पटत नाही.

मला हे सगळं माहीत आहे, कारण मीही गच्चीतच असते. घरी सांगितलेलं असतं की केमिस्ट्री करायला जाते. प्रत्यक्षात मी आवाज काढते. भावे आजोबा, क्लासचे सर, "ताई, ओटीपी सांगा" म्हणणारा डिलिव्हरीवाला. गेल्या वर्षी एका रविवारी मी गजभिये काकांचा आवाज लावला होता. डोळे मिटून, हनुवटी वर करून, पेन्सिल सिगारसारखी दोन बोटांत धरून मी म्हणाले, "हिच्या अंगात आहे." मागून आवाज आला, "अंगात नाही. अंऽगात. जरा थांबायचं. घाई केलीस."

काका टाकीमागून बाहेर आले होते. सहासष्ट वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त. अजूनही एकेक शब्द पट्टी लावून आखल्यासारखा बोलतात. हातात सिगार, न पेटवलेली.

"आता इथे बसणार असशील तर त्या कठड्यापाशी बस," ते म्हणाले. "वारा तिकडून इकडे येतो. धूर तुझ्याकडे येता कामा नये. आणि हे शिकायचं नाही."

"मला नकोच आहे. घाण वास येतो."

"छान. तेच मत कायम ठेव."

त्यानंतर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी कठड्यापाशी, वाऱ्याच्या अलीकडे, आणि काका टाकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची त्यांच्या बायकोची, शैलाकाकूंची अट आहे. "घरात नाही. बाल्कनीत नाही. आणि वर उभं राहून नाही, गुडघे दुखले की मलाच ऐकावं लागतं." सिगार त्या एका हवाबंद डब्यात ठेवू देतात, ओलावा टिकवणाऱ्या पुडीसकट. डब्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी आहे, 'हे मसाले नाहीत'.

आधी ओढण्यापेक्षा हुंगणंच जास्त चालतं. काका सिगार नाकाखालून आडवी नेतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग टोक कापतात आणि न पेटवता एक कोरडा झुरका घेतात. मग काडी. ज्योत टोकाला लावत नाहीत, खाली धरून सिगार गोल गोल फिरवतात, पापड भाजल्यासारखी. धूर गिळत नाहीत. तोंडात फिरवतात आणि सोडून देतात. मग बराच वेळ काहीच नाही. मग निकाल.

"पहिल्यांदा मिरी. नाकाच्या शेंड्याला लागते. आता बघ, दहा मिनिटांनी मिरी बसेल आणि भाजलेल्या जवसाची चटणी येईल."

"मी काय बघू, मी लांब आहे."

"ऐक मग. आलीच. जवस. थोडी काळी कॉफी. शेवटी शेवटी नव्या चपलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं, तिथे मी थांबतो. त्याच्यापुढे कडू आहे, उगाच पैसे वसूल करायला ओढायचं नाही."

मी एकदा विचारलं की हलकी का नाही घेत, दुकानात स्वस्त आणि सौम्य पण असतील. ते म्हणाले, "घेतल्या. सात-आठ प्रकार घेतले. गवत. नुसतं वाळलेलं गवत, श्रीमंत माणसाच्या लॉनवरचं. ही भरलेली आहे. भरलेली म्हणजे तिखट नव्हे, तो गैरसमज आहे. रस्सा तिखट कोणीही करेल. मसाला नीट भाजला असेल तर घास गिळल्यावरही तो तोंडात बसून राहतो. अंऽगात आहे म्हणतो ते हे."

हे वाक्य मला इतकं छान जमतं की त्यांची नात दीक्षा फोनवर फसली होती.

पण काका सिगार ओढत होते ते जवसासाठी नाही. ते दिवाळीनंतरच्या रविवारी कळलं. त्यांनी सिगार नाकाशी धरली होती आणि नेहमीपेक्षा बराच वेळ धरून ठेवली होती. मी गंमत म्हणून विचारलं, "काका, ती काही सांगतेय का?"

"माझी आई विड्या वळायची," ते म्हणाले. "मुक्ताई. दिवसाला हजार. आमच्याकडे घराघरात तेच. तेंदूचं पान आणि तंबाखू ठेकेदाराकडून आणायचा, वळायचा, संध्याकाळी गोदामात नेऊन द्यायचा. तिथे मुनीम बसलेला. खराब म्हणून मूठभर बाजूला काढायचा आणि त्या ठेवूनही घ्यायचा. आईच्या हाताला, पदराला, आमच्या अंथरुणाला, सगळ्याला तो वास. त्या हजारांवर मी शिकलो."

मग त्यांनी पुढचं एका दमात सांगितलं. पुण्यात नोकरी लागली. क्वार्टर मिळालं. आई पहिल्यांदाच पुण्याला आली. संध्याकाळी ऑफिसमधले चौघे चहाला येणार होते. काका तेव्हा पंचविशीचे. ते आईला म्हणाले, "आई, हात जरा साबणानं धुऊन ये ना." ती धुऊन आली. ते म्हणाले, "अजून एकदा." ती परत गेली, परत आली. मग पाहुणे असेपर्यंत तिने हात पदराखालून काढला नाही. चहासुद्धा नाही घेतला.

"ती जाऊन सत्तावीस वर्षं झाली," काका म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी पुतण्याने दुबईहून एक सिगार आणली, शोभेला म्हणून. वरचं प्लास्टिक काढलं आणि मी खाली बसलो. शैला धावत आली, तिला वाटलं प्रेशर वाढलं. तेव्हापासून शोधतोय. ही सगळ्यात जवळची आहे. पेटवायच्या आधीचं एक मिनिट. बाकीचा पाऊण तास आपला चैनीचा."

तो आवाज मी घरी जाऊन काढून बघितलाही नाही.

"पण मला खात्री नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पुण्यात राहिलो. नाक काय, मनाला हवं ते सांगतं. हे सांगू शकणारी आता एकच व्यक्ती आहे. माझी ताई. तीही वळायची आईबरोबर, वयाच्या नवव्या वर्षापासून."

"मग फोन करा ना."

"फोनवरून वास जात नाही, कल्याणी. सायन्सला आहेस ना?"

फेब्रुवारीत काकांच्या ताई, ललिताआत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला येणार हे ठरलं, आणि काका बिघडले. पंधरा दिवस आधीच कॅम्पात जाऊन दोन सिगारी घेऊन आले. डबा दिवसातून तीनदा उघडून बघायला लागले. शैलाकाकू म्हणाल्या, "अहो, अंडी उबवताय का?" जिन्यात भेटले की मला विचारायचे, "काय वाटतं? ती काय म्हणेल?"

"हो म्हणेल. शंभर टक्के."

"मला वाटतं नाही म्हणेल."

"मग पैज."

अटी जिन्यातच ठरल्या. आत्या "हो, हा आईचाच वास" म्हणाल्या तर काका गेटपाशी, सगळ्यांच्या देखत, भावे आजोबांना विचारणार, "आपल्याला आमचा वास कसा वाटतो?" आणि आत्या नाही म्हणाल्या तर मी महिनाभर काकांची नक्कल करायची नाही. कुठेही नाही, आरशासमोरसुद्धा नाही.

"पण तुम्हाला तर हो हवंय," मी म्हणाले. "मग नाहीवर कशाला पैज लावता?"

"म्हणूनच. नाही म्हणाली तर निदान पैज तरी हातात राहील."

ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी, शेवटच्या रविवारी, आत्या काळा चष्मा लावून, एक एक पायरी मोजत गच्चीत आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पांढरी साडी, बोटं गाठीगाठीची. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. काका उभे. मला बघून आत्या म्हणाल्या, "हीच का व नकला करते ते?"

"हीच," काका म्हणाले. "ताई, डोळे मीट."

"मिटलेच आहेत गा. चष्म्यात तुले दिसत नाही."

काकांनी सिगार त्यांच्या हातात दिली. मला वाटलं होतं त्या लगेच नाकाशी नेतील. त्यांनी आधी ती बोटांनी वाचली. अंगठा वरून खाली फिरवला, थोडी दाबली, टोकाशी जाऊन थांबल्या.

"बाईनं वळली असंल," त्या म्हणाल्या. "टोक किती साफ मुडपलं पाय. आपल्या मुनीमले हिच्यात खोट नसती काढता आली."

मग हुंगली. डावीकडून, उजवीकडून. काकांचे हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेले होते. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"गोदाम," आत्या म्हणाल्या. "गोदामाचा वास आहे हा. पोत्यांचा. मुनीमजीच्या गादीमागच्या पोत्यांचा."

"आणि आईचा?"

"मायचा नाही होय हा."

काका म्हणाले, "नीट बघ ना ताई. अजून एकदा."

"नीटच पायलं. मायचा ओल्या पानाचा होता. रात्री पान भिजवून पोत्यात गुंडाळून ठेवे, सकाळी कापाले घे. मी दिवसभर बाजूले बसून राहत होती, मले नाही माहीत होणार का? हिच्यात पान नाहीच ना तेंदूचं. नुसता तंबाखू आहे."

"मला तर हिच्यात आईच येते," काका म्हणाले. त्यांचा पट्टी लावलेला आवाज तिथे जरा वाकडा गेला.

"येईलच ना गा. गोदामात तूच जात होता तिच्यासंगं. रोज संध्याकाळी, तिचं बोट धरून. मी घरी राहत होती, भाकरी टाकाले. तुले ती तिथलीच आठवंल."

काका टाकीला टेकले. मग ते आत्यांकडे न बघता म्हणाले, "मी तिला हात धुवायला लावले होते. क्वार्टरवर. दोनदा."

"माहीत आहे मले. सांगितलं होतं तिनं."

"काय म्हणाली?"

"म्हणे, रामदासकडचा साबण मोठा वासाचा आहे." आत्यांनी सिगार त्यांच्याकडे परत धरली. "अन् तो वास साबणानं जात नाही गा. जन्माचा असतो. तिले का माहीत नव्हतं? तू म्हटलं म्हणून धुतले. पेटव आता. इतकी महागाची वस्तू हातात धरून घामट करशील."

काकांनी काडी ओढली. पहिली विझली. दुसरीवर सिगार गोल फिरवत पेटवली, झुरका घेतला, तोंडात फिरवला, सोडला. मिरी आली का जवस आला, काही सांगितलं नाही. आत्यांनी आयुष्यात लाखांनी विड्या वळल्या, पण एकही ओढलेली नाही. तरी त्यांनी मान जरा पुढे करून त्या धुराचा वास घेतला, आणि नाक मुरडलं.

मी माझी वही उचलली आणि हळूच जिन्याकडे निघाले. मला वाटलं होतं पैजेचं त्यांच्या लक्षात नसेल. पण दारापाशी पोचले तेव्हा मागून काका एकच शब्द म्हणाले.

"हरलीस."

तो कसा म्हणाले हे मला बरोबर ऐकू आलंय. कुठे थांबले, कुठे आवाज खाली गेला, सगळं. काढून दाखवता येत नाही, कारण महिना संपायला अजून एकोणीस दिवस आहेत.