बोरश्यांचा रोट

लिंबायतच्या आमच्या दुमजली चाळीत पुष्पाबाई बोरसे वर राहायच्या आणि खालच्यांवर राज्य करायच्या. कुणाची डाळ करपली हे त्यांना गॅलरीत उभ्या उभ्या कळे, आणि ते त्या सगळ्या चाळीला कळवत. पण कुणाकडे बाळंतपण झालं की डिंकाचे लाडू सगळ्यांत आधी त्यांचेच यायचे. गाव अमळनेरजवळचं. त्यांचे यजमान बन्सीलालभाऊ कापडाच्या लूमवर लागले तेव्हा त्या सुरतेला आल्या आणि येताना आपल्या कानबाई देवीला घेऊन आल्या.

श्रावणात रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर पोचवतात. तिचा प्रसाद म्हणजे गव्हाचे जाडजूड रोट. ते पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि खायचे फक्त एका आडनावाच्या भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडात कण जरी गेला तरी देवी रुसते. त्यामुळे दरवर्षी आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला यायचा तो तुपाचा वास.

सुरतेतल्या प्लेगनंतरचा दुसरा की तिसरा श्रावण असेल. सोमवारी कानबाईला पोचवून आलो आणि मंगळवारी सकाळी खाडीचं पाणी उंबऱ्यात.

"आपण तिला पोचवलं, आता ती आपल्याला पोचवायला आली," बन्सीलालभाऊ वरून म्हणाले.

"तोंड आवरा आणि खाली उतरा," पुष्पाबाई म्हणाल्या.

सुरतेत पाणी शिरलं की माणूस आधी काय उचलतो? शेठच्या साड्या. खालच्या प्रत्येक घरात घडीला नाहीतर टिकली लावायला आणलेले गठ्ठे होते. साडी भिजली तर मजुरी गेली आणि पुढचं कामही गेलं. तेव्हा धुडकू निकमदादांनी गठ्ठे डोक्यावर घेतले, त्यांच्या लेकीने, हर्षदाने घेतले, अंबाजोगाईच्या रुक्मिणीबाईंनी घेतले, मीही घेतले. शेवटचा गठ्ठा वर पोचला तेव्हा आमचे पिठाचे डबे खाली पाण्यात तरंगत होते.

पुष्पाबाईंच्या खोलीत छतापर्यंत जॉर्जेट आणि खायला काही नाही. त्यांचं स्वतःचं दळण कोपऱ्यावरच्या चक्कीत, म्हणजे तेही बुडालेलं. घासलेट संपलेलं. दुपारपर्यंत पोरं गठ्ठ्यांवर घसरगुंडी खेळली, मग एकेक करून गप्प बसली. आणि फळीवर, पांढऱ्या फडक्याखाली, रोटांची चळत.

कुणी मागितलं नाही. सगळे फक्त तिकडे बघत होते.

पुष्पाबाई रिकाम्या चौरंगासमोर जाऊन बसल्या. बराच वेळ ओठ हलत होते. देवीशी भांडत होत्या की तिला समजावत होत्या, कोण जाणे. मग कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या आणि रुक्मिणीबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"आडनाव काय तुझं?"

"जाधव."

"आजपासून बोरसे. म्हण."

"अवो, पण आमच्या ह्यांना विचारल्याबिगर..."

"त्याला पाणी उतरल्यावर सांग."

कुंकू लागलं, रोट हातावर पडला. पोरांनी तर रांगच लावली. "मी बोरसे, मी बोरसे!" एक पठ्ठ्या कुंकू पुसून दुसऱ्यांदा बोरसे व्हायला आला. मीही झाले. आमचे हे पलसाण्याला मिलमध्ये अडकलेले. आपली बायको सासरचं आडनाव सोडून बसली आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. धुडकूदादाही बोरसे व्हायला पुढे सरकले.

"तुम्ही थांबा," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही निकमच बरे. आणि हर्षदा, तुले नही वं."

हर्षदा सगळ्यांत जास्त गठ्ठे वाहून आलेली. तिचे डोळे भरले. "मनं काय चुकनं, मावशी?"

पुष्पाबाई करंड्याचं झाकण लावत बसल्या. मग हळू म्हणाल्या, "तू बोरसेची लेक झालीस तर हेमराजची बहीण होशील ना."

हेमराज, त्यांचा थोरला, गॅलरीत उभा होता. त्याने आमच्याकडे पाठ फिरवून पाण्याकडे असं काही पाहिलं की जणू पूर आत्ताच आला. धुडकूदादा खाकरले. रुक्मिणीबाई तोंडात रोट घेऊन हसल्या आणि त्यांना ठसका लागला.

"मला कुणी विचारलं?" हर्षदा म्हणाली. तिने पुढे होऊन चळतीतला एक तुकडा स्वतःच उचलला आणि हातात धरून बसली. खाल्ला नाही, परतही ठेवला नाही. पुष्पाबाईंचा चेहरा उतरला. पुरापुढे न डगमगलेली बाई त्या एवढ्याशा तुकड्याकडे बघत राहिली.

हेमराज जिना उतरला. छातीइतक्या पाण्यातून तो हायवेच्या बाजूला जाताना दिसला. परत आला तेव्हा अंगावर खाडीचा सगळा गाळ, पण डोक्यावरची प्लॅस्टिकची पिशवी कोरडी. आत पाव आणि केळी होती. पिशवी त्याने हर्षदासमोर ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन शर्ट पिळत बसला.

हर्षदाने एक पाव बापाला दिला, एक स्वतः घेतला. मग हातातला रोटाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"ताई, तुम्ही खा. तुम्ही बोरसे."

लूमच्या मोटरी गाळाने भरल्या होत्या, त्या दुरुस्त होऊन पगार सुरू व्हायला दिवाळी उलटली. म्हणून हर्षदा-हेमराजचं लग्न उन्हाळ्यावर गेलं. नवरीचा शालू त्याच पुरात भिजून बाजारात स्वस्त निघालेल्या मालातला. पदराखालचा डाग पुष्पाबाईंनी टिकल्यांनी असा झाकला की व्याही मंडळींनी नक्षीचं कौतुक केलं.

आणि आमचं बोरसेपण काही उतरलं नाही. पुढच्याच वर्षी अमळनेरला त्यांचे चुलत सासरे गेले, तेव्हा पुष्पाबाईंनी गॅलरीतून हाक मारून सगळ्या चाळीला सुतक लावलं. रुक्मिणीबाई कुरकुरल्या.

"रोट खाताना गोड लागला ना?" वरून उत्तर आलं.