रवंथ सुरू, सुई बंद

आजारी म्हशीच्या कुशीला कान लावून सुईमामा उभा राहिला की गोठ्यात कोणी खोकायचंही नाही. आत पोट फिरतंय का, ते तो ऐकायचा. म्हैस रवंथ करायला लागली की त्याचा ठरलेला हुकूम सुटायचा, "रवंथ सुरू, सुई बंद!"

तो माझ्या आईचा भाऊ. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस होता. निवृत्त झाल्यावर हातकणंगल्याच्या आसपासची गावं त्यालाच डॉक्टर मानायची. पाच दिवसांचं औषध तो दोन दिवसांत थांबवायचा. "बरी झालेल्या जित्राबाला कशापायी टोचायचं? मुकं हाय, पर दुखतंय की त्याला." उरलेल्या बाटलीवर चिकटपट्टी लावून म्हशीचं नाव लिहायचा: चंद्री, बिजली, सुंदरी. पुढची म्हैस आजारी पडली की चंद्रीचं उरलेलं तिला.

सुई दिलेल्या म्हशीचं दूध मात्र त्याने कोणाला डेअरीत घालू दिलं नाही. "लोकांच्या पोरांस्नी औषध पाजताय व्हय रं?" म्हणून अंगावर जायचा. ते दूध रेडकाला पाजायला सांगायचा. काही वाया घालवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

मी कोल्हापुरात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू तपासते. मामाला किती वेळा समजावलं, की अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्या दुधातून थोडंथोडं औषध जातं, म्हणून रेडकाच्या पोटातही तेच होतं. वर हा चिवटपणा ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात, शेजारणीने विरजण द्यावं तसा. विरजणाचं ऐकून मामा खो खो हसला. "म्हंजी जंतूंचा बी शेजारधर्म हाय की!" मीही हसले. त्या हसण्याचा मला आज राग येतो.

गेल्या पावसाळ्यात बिजलीने लाथ मारली आणि सुई मामाच्याच तळहातात घुसली. त्याने हळद दाबली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. त्याला ॲडमिट केलं आणि जखमेतला पू तपासायला माझ्याच टेबलावर आला.

काचेच्या बशीत जंतू वाढवून आम्ही त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतो. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. मामाच्या बशीत एकही वर्तुळ नव्हतं.

रिपोर्ट घेऊन वॉर्डात गेले. "वाच," म्हणाला. मी एकेक औषध वाचत गेले आणि तो प्रत्येकाला मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरी, ही समदी माझ्याच पेटीतली की." आणि पुढे, "बिजलीचा काय दोष न्हाय. तिला इकू नगा म्हणावं."

हात कापून काढला, तरी विष रक्तात भिनलं होतं. मामा गेला. तो जंतू गोठ्यातलाच होता हे मी सिद्ध करू शकत नाही. मला स्वतःला शंका नाही.

तेराव्याला मी त्याची पेटी उघडून बसले होते. शेजारचे तात्या दारात आले. "ताई, पेटीत काय उरलंय का? आमची सुंदरी वैरण खाईना."

माझ्या हातातल्या बाटलीवर मामाच्या अक्षरात सुंदरीचंच नाव होतं. मी ती मुठीत झाकली. "नाही देणार, तात्या. डॉक्टरांना बोलवा."

"मामा असता तर दिलं असतं," तात्या म्हणाले आणि गेले.

खरंच दिलं असतं. तेवढी माया होती त्याची.