अण्णांचा हात आणि मंडळाचा उंदीर

आमच्या पंचवटीतल्या मंडळाला हलता देखावा हवाच, नाहीतर लोक तोंडावर विचारायचे, "यंदा झोपलात काय?" त्या वर्षी बाप्पाला मोदक देणारा यांत्रिक उंदीर ठरला. शेजारच्या इंजिनिअर दादाने मोटारी बसवल्या आणि हालचालींचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी कॉलेज रोडला व्हिडिओ गेमचं ॲनिमेशन शिकत होते. गेममधलं पात्र हलवतात तसा मी कॉम्प्युटरवर उंदीर हलवायचा. दादाचा प्रोग्राम तेच मोटारींना सांगायचा, की खरा उंदीर तसाच हलायचा.

हलायचा कसला, डोंबल! हात सरळ वर, सरळ खाली. त्यापेक्षा रेल्वेचा सिग्नल बरा.

घरी माझे वडील, अण्णा, नुकतेच अर्धांगवायूतून उठले होते. एका सकाळी ते शर्टाचं बटण लावत होते. उजवा हात वर यायचा, मध्येच अडायचा, मग मानच खाली वाकून त्याला गाठायची. अरे, हेच तर हवंय! उठून बटण लावून द्यायचं सोडून मी कार्टी हात कुठे थांबला, मान कधी वाकली, हे बघत बसले. पुढे रोजच. आई आतून ओरडायची, "अगं, बापाला हात दे जरा!" मी म्हणायचे, "आले, आले."

उंदीर जिवंत झाला. मोदक उचलताना हात अडला, मान वाकली, की लोक खदाखदा हसायचे. "बिचारा, जमेना बघ त्याला!" आरतीला अण्णा आले, पुढच्या खुर्चीत बसले. पुन्हा हात अडला, पुन्हा हशा पिकला. अण्णांनी आपला उजवा हात हळूच उपरण्याखाली घेतला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मी हालचाल बदलायला निघाले, तर मंडळवाले खेकसले, "बक्षीस घालवतेस काय?" आणि मी गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा चहा घेत होते. हातातला कप बशीवर वाजायला लागला, तशी मी धावले. त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं.

"बस गं तू. नीट बघून घे. पुढच्या वर्षी लागेल."

टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. ते मनापासून म्हणत होते.